जगदाळे साहेबांची शांतता

जगदाळे साहेब वांगी घ्यायलासुद्धा जंगलाचे कपडे घालून यायचे. हिरव्या-खाकी चट्ट्यापट्ट्यांची पँट, तसलाच शर्ट, डोक्यावर गोल काठाची टोपी. ऊर्जानगरच्या भाजीबाजारात लपायला कोथिंबिरीच्या जुडीपलीकडे काही नाही, पण हा माणूस वाघाच्या नजरेला पडू नये अशा बेताने उभा असायचा. भाजीवाल्यांना मात्र तो लांबूनच दिसायचा, आणि ते त्याच्यासाठी शिळा माल वर काढून ठेवायचे.

ते आमच्या चंद्रपूरच्या वीज केंद्रात बॉयलर विभागाचे कार्यकारी अभियंता. साताऱ्याकडून बदलून आलेले. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. आडनाव झाडे. पहिल्या भेटीत ते म्हणाले, "वा झाडे, तुमच्या आडनावातच जंगल आहे." आणि स्वतःच हसले. पुढे तीन वर्षं हा विनोद ते दर आठवड्याला, आताच सुचल्यासारखा, करत राहिले. मीही दर आठवड्याला हसत राहिलो. हे आधीच कबूल केलेलं बरं. त्यांच्याबद्दल मी जे लिहितो आहे त्यात मी कुठे उभा होतो, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

आल्यावर सहा महिन्यांत त्यांनी निसर्ग भ्रमंतीचा एक गट काढला. त्यांना कुणीतरी चिठ्ठ्याचपाट्या करणारा लागत होता, म्हणून मला सचिव केलं. महिन्यातून एका रविवारी पंधरावीस माणसं जंगलात पायी फिरायला जायची. या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला यात गंमत काय ते कळणं कठीण. माझं गाव मूल तालुक्यातलं. आमच्याकडे पहाटे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निघालेला माणूस खाकरत निघतो, हातातली काडी आपटत जातो, गवत कापताना दर दोन मिनिटांनी उभा राहून मान वर करतो. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे आम्हाला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. आईने शिकवलं होतं, धपाटे घालून.

जगदाळे साहेबांचं शास्त्र याच्या नेमकं उलट होतं. "जंगल ऐकायचं असतं, जंगलाला ऐकवायचं नसतं," हे त्यांचं मुख्य वाक्य. ते म्हणताना डोळे अर्धे मिटायचे. जंगलात शिरलं की तोंड बंद. बोलायचं ते हाताच्या खुणांनी. मूठ वर केली की थांबायचं, दोन बोटं दाखवली की तिकडे बघायचं, पंजा खाली केला की बसायचं. एकदा त्यांनी मूठ वर केली आणि आम्ही सोळाजण श्वास रोखून दहा मिनिटं उभे राहिलो. मग ते खाली बसले, बूट काढला, त्यातला खडा झटकला आणि पुढे चालू लागले. कुणी काही बोललं नाही. बोलायची बंदी होती.

त्यांची बाकीची वाक्यंही मला पाठ आहेत. "वाघ मला ओळखतो." "अस्वल भित्रं असतं, माणूस दिसला की पळतं." "प्राण्याला भीतीचा वास येतो, आणि माझ्या अंगाला तो वास नाही." त्यांच्या अंगाला नागपूरहून मागवलेल्या अत्तराचा वास यायचा, तो शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसालाही यायचा. पण हे त्यांना कोण सांगणार. गावातल्या लोकांबद्दल त्यांचं मत एका वाक्यात संपायचं. "यांना जंगल म्हणजे फक्त सरपण."

आमच्या वसाहतीच्या मागच्या भिंतीपलीकडे झुडपी जंगल आहे. बिबट्या अधूनमधून येतो, डुकरं येतात. लोक कचरा उघड्यावर टाकत नाहीत, कुत्री घरात घेतात, आणि जगतात. साहेबांच्या दुसऱ्या हिवाळ्यात मात्र बिबट्या रोज यायला लागला. दिवस मावळायच्या आतच भिंतीवर येऊन बसायचा. टर्बाइनवर काम करणाऱ्या ढवळेंची कुत्री गेली. फाटकावरचा सुरक्षारक्षक संध्याकाळी फेरी मारायला निघाला तर चार पावलांवर बिबट्या. तो बिचारा पाठ न दाखवता, काठी डोक्यावर धरून, ओरडत मागे मागे सरकत आला, म्हणून वाचला. पुढचे आठ दिवस तो तापाने पडून होता.

साहेबांनी लगेच क्लबच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं. विषय, सहजीवन. पडद्यावर भिंतीवरच्या बिबट्याचा असा फोटो दाखवला की त्याच्या मिशांचे केस मोजता यावेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "भिऊ नका," साहेब म्हणाले. "आपण त्याच्या घरात आलो आहोत, तो आपल्या घरात नाही." ढवळेंची बायको पहिल्या रांगेत बसली होती. ती उठून निघून गेली.

चार दिवसांनी मी कोंबडी आणायला गेलो. दुकानदाराने सुरी पुसत सहज विचारलं, "सर, जगदाळे साहेबाकडं कुत्रे किती हाय?"

"एकही नाही. काऊन?"

"मंग रोज पिशवीभर आतड्या-पाय कोनाले घेऊन जाऊन राह्यले?"

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. ते शेवटच्या रांगेत राहायचे, मागचं दार भिंतीकडे. मी विचारलं तेव्हा ते जराही लाजले नाहीत. फोटोत बिबट्याच्या पुढच्या पंज्याखाली काय आहे ते नीट बघितलं असतं तर तुम्हाला तेव्हाच कळलं असतं, असं म्हणाले. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झाडे, असे फोटो आपोआप मिळत नाहीत. बाहेर बोलू नका. लोकांमध्ये उगाच घबराट होते."

मी बाहेर बोललो नाही. पुढे वनखात्याने पिंजरा लावला, बिबट्या धरला आणि कुठेतरी लांब नेला. साहेबांनी मोबाईलवर तीन दिवस काळा चौकोन लावून शोक केला. माणसांनी त्याचं घर हिरावलं, असं खाली लिहिलं होतं.

पार्वताबाई मडावी आम्हाला भेटली ती त्याच हिवाळ्याच्या शेवटी. आलापल्लीच्या सागवानाच्या जंगलात आतल्या अंगाला एक पंधरावीस घरांचं गाव आहे. तिथे पायी फिरायला येणाऱ्यांसोबत गावातला एक माणूस द्यायचा, अशी वनखात्याची पद्धत. यादीत तिचं नाव होतं. पन्नाशीची, काटक बाई. गुडघ्यापर्यंत नेसलेलं हिरवं लुगडं, हातात बांबूची काठी. ती पुढे चालायची आणि सबंध वेळ बोलायची. जावयाबद्दल, गुडघ्याबद्दल, यंदा मोह कसा येईल त्याबद्दल. वळण आलं की काठीने सागाच्या बुंध्यावर दोनदा ठोकायची, खाकरायची, मगच पुढे पाऊल.

अर्ध्या तासात साहेबांचा चेहरा लाल झाला. "बाई, जरा तोंड बंद ठेवा. आम्ही एवढ्या लांबून प्राणी बघायला आलोय."

"साहेब, मी तं त्याइलेच सांगून राह्यली का आमी येऊन राह्यलो म्हनून. त्याइनं बाजूले व्हावं, आपुन आपल्या रस्त्यानं जावं."

"मग आम्हाला दिसणार काय?"

"नाई दिसले तं चांगलंच हाय ना, साहेब."

आमच्यातले काही हसले. साहेब हसले नाहीत. पण हा संवाद त्यांनी पुढे प्रत्येक व्याख्यानात सांगितला, अडाणीपणाचा नमुना म्हणून. तिच्या बोलण्याची नक्कल करताना ते एक हात कमरेवर ठेवायचे. लोक खूप हसायचे.

त्या दिवशी परतताना ती माझ्याशी आणि शीतलशी बोलत होती. शीतल मेश्राम आमच्या प्रयोगशाळेतली सहायक, बल्लारपूरची, नुकतीच लागलेली. पार्वताबाईने तिला सांगितलं, "अस्वलाले डोये कमी, कान कमी. खात बसलं का त्याले दुनिया दिसत नाई. तू जवळ गेली का मंग ते दचकते, आन् दचकलं का अंगावर येते. त्याच्यासाठी दुरूनच बोलत जाव. आन् पिल्लू दिसलं तं त्याच्या आन् त्याच्या मायच्या मधात कधी जाऊ नोको, बाई." शीतलने हे सगळं वहीत लिहून घेतलं. मला तेव्हा ते जरा बालिश वाटलं होतं.

पुढच्या वर्षी मोह फुलला तेव्हा साहेबांना मोहाखालच्या अस्वलाचा फोटो हवा झाला. कुठल्याशा स्पर्धेची तारीख जवळ आली होती. आम्ही सहाजण आदल्या दिवशी जाऊन गावाजवळच्या विश्रामगृहात राहिलो. उजाडता उजाडता पार्वताबाई आली, आणि साहेबांना कॅमेरा गळ्यात घालून तयार पाहून म्हणाली, "ऊन पडू द्या, साहेब. आता मोहाखाली तेच रायते. आमी बी चारपाच बाया मिळून, गोठी करत जातो."

"ते तिथे असतं म्हणूनच तर जायचंय," साहेब म्हणाले.

"मंग मी पुढं रायतो. माह्या मागं मागं या."

"तुम्ही मागे राहायचं. सगळ्यात मागे. आणि ती काठी गाडीत ठेवा. तुमची ठोकायची सवय काही जात नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सचिव होतो. मी गाडीचं दार उघडलं आणि काठी आत ठेवली.

झाड गाडीवाटेपासून दोनतीनशे पावलांवर होतं. वाळलेल्या पानांवर पाय जपून टाकत, एक शब्द न बोलता, आम्ही गेलो. साहेबांची शांतता त्या दिवशी अगदी बिनचूक जमली. इतकी की अस्वलाला आमचा पत्ताच लागला नाही. वारा आमच्याकडेच येत होता. झाडाखाली पिवळट फुलांचा सडा, आणि त्यात खाली तोंड घातलेला काळा ढीग. फुलं ओढून घेतल्याचा सुर्र सुर्र आवाज तेवढा येत होता.

मागून पार्वताबाई पुटपुटली, "साहेब, डाव्या हातच्या झुडपात पिल्लू हाय. मागं व्हा. पाठ नोका दाखवू, सावकाश मागं व्हा."

साहेबांनी तिच्याकडे न बघता मूठ वर केली. आम्ही थांबलो. ते पुढे गेले. दहा पावलं, पंधरा पावलं, झुडपाच्या बाजूने. कॅमेरा डोळ्याला लावला. खट खट खट आवाज झाला आणि अस्वल दोन पायांवर उभं राहिलं.

वाघ ज्याला ओळखतो तो हा माणूस वळला आणि पळाला. वाट अरुंद होती. शीतल वाटेत होती. त्यांनी तिला दोन्ही हातांनी बाजूला ढकललं. ती दगडावर पडली, आणि साहेब आमच्यामधून गाडीकडे गेले. पळणाऱ्याच्या मागे अस्वल येतंच. ते थेट शीतलवर आलं असतं. पार्वताबाई मधे उभी राहिली. हातात काही नव्हतं. पडलेली एक वाळकी फांदी तिने उचलली, दोन्ही हात वर केले आणि अशा आवाजात ओरडली की तो आवाज एवढ्याशा बाईतून निघाला यावर विश्वास बसू नये. अस्वलाने तिला खाली घेतलं.

मी काय केलं? मी ओरडलो. बाकीचे तिघेही ओरडले. कुणीतरी दगड मारले. माझे पाय जमिनीतून निघाले नाहीत. किती वेळ गेला सांगता येणार नाही, फार नसावा. मग अस्वलाने तिला सोडलं, झुडपाकडे गेलं आणि पिल्लाला घेऊन नाहीसं झालं. पार्वताबाई पालथी पडून होती, मान हातांनी झाकून. डोक्याची कातडी सुटली होती. डाव्या हाताचं मी सांगत नाही.

तिला उचलून आम्ही गाडीपाशी आणलं. गाडीच्या काचा वर होत्या आणि दारं आतून बंद. साहेब चालकाच्या जागेवर बसले होते. मी काच वाजवली. त्यांनी ती दोन बोटं खाली केली आणि विचारलं, "गेलं का?"

दार उघडल्यावर ते म्हणाले, "सीटवर आधी काहीतरी टाका."

शीतलने आपली ओढणी टाकली. अहेरीच्या दवाखान्यापर्यंत पार्वताबाईचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिथून तिला चंद्रपूरला हलवलं. ती वाचली.

तीन दिवसांनी साहेब प्रयोगशाळेत आले. त्यांच्या हातात वनखात्याला द्यायचं निवेदन होतं, टाइप केलेलं, फार शुद्ध मराठीत. त्यात असं होतं की सोबतच्या महिलेने स्वतःला मोहफुलं वेचायची होती म्हणून गटाला त्या झाडाकडे नेलं, सूचना देऊनही आरडाओरडा केला, आणि त्यामुळे बिथरलेल्या प्राण्याने हल्ला केला. खाली सहा नावं आणि सहीसाठी सहा रेघा.

"साहेब, हे असं झालं नाही," मी म्हणालो.

"झाडे, तिचं काय जातंय? तिला कोण विचारणार आहे? आपल्याला नोकऱ्या आहेत." मग जरा हळू, "काठी गाडीत कुणी ठेवली होती?"

मी सही केली. बाकीच्या तिघांनीही केली. शीतलच्या पुढे कागद गेला तेव्हा तिने तो उभ्याउभ्या वाचला, शेवटपर्यंत, आणि टेबलावर ठेवला. "सर, मी वाचल्याशिवाय सही करत नाई. आन् आता वाचलं."

साहेब गेल्यावर ती मला म्हणाली, "तुमी होते ना तिथं?" एवढंच. पुढचे पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. त्या पंधरा दिवसांत पार्वताबाईचं नाव सोबत्यांच्या यादीतून काढल्याचं कळलं, आणि चूक तिचीच ठरल्यामुळे तिची सरकारी मदतही अडकल्याचं. सोळाव्या दिवशी मी शीतलला म्हणालो, चल.

वनक्षेत्रपाल शांत डोक्याचे होते. आमचं ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यांना एकाच वेळी आलापल्लीला बोलावलं. पार्वताबाईला तिचा भाऊ घेऊन आला होता. डोक्यावरून पदर, त्याखाली पट्टी, डावा हात झोळीत. ती भिंतीला टेकून खाली बसली. खुर्ची देऊ केली तर नको म्हणाली. साहेब खुर्चीवर बसले. त्यांनी तिला नमस्कार केला नाही. तिच्या दिशेला एक खिडकी होती, तिकडेही त्यांनी बघितलं नाही.

शीतलने सगळं क्रमाने सांगितलं. मग मी सांगितलं, माझी सही खोट्याखाली आहे, आणि काठी मी गाडीत ठेवली. साहेब म्हणाले, "त्या क्षणी एवढा गोंधळ होता की कुणाला काय आठवणार."

वनक्षेत्रपालांनी विचारलं, "हल्ला झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"गाडीजवळ."

"जवळ का आत?"

"आत."

"मग बाईंनी कधी आरडाओरडा केला, आधी की नंतर, ते तुम्हाला गाडीतून कसं कळलं?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. कपाळ पुसलं. "लिहा तुम्हाला काय लिहायचं ते," म्हणाले.

निकाल यायला महिना लागला, पण तो इथेच सांगून टाकतो. पार्वताबाईचं नाव यादीत परत आलं, मदतही मिळाली. डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, एवढं कायमचं राहिलं. आमचा गट बंद पडला. त्याच्याबद्दल कुणी हळहळल्याचं ऐकलं नाही. साहेबांनी बदली मागून घेतली. निरोपसमारंभाला मी गेलो नाही. भाषणं चांगली झाली, असं ऐकलं.

आलापल्लीला त्या दिवशी मात्र वनक्षेत्रपाल अजून लिहीत होते. साहेब उठले. दाराकडे निघाले तेव्हा पार्वताबाईच्या समोरूनच जावं लागलं. तिने मान वर केली. एक डोळा अजून सुजलेला होता.

"साहेब," ती म्हणाली, "तुमी लय जोरानं पऱ्हाले तवा. वाटेत गोटे होते. कुठी पडले-बिडले तं नाई ना? लागलं तं नाई?"

मी तिच्याकडे नीट बघितलं. टोमणा असेल म्हणून तोंडावर कुठे हसू शोधलं. नव्हतं. ती खरंच विचारत होती. तिच्या गावात जंगलातून आलेल्या माणसाला विचारतात तसं.

साहेबांनी दार ढकललं. ते बाहेर पडले. खिडकीतून मला ते दिसत होते. आवारातल्या सागांची पानं झडली होती, कुठे सावली नव्हती. ते गाडीपर्यंत गेले, दार उघडलं, आणि दार धरून तसेच उन्हात उभे राहिले. आत बसेनात, मागे फिरेनात. त्यांची पाठ आमच्याकडे होती. शीतल म्हणाली, "रडून राह्यले का ते?"

"मला नाही वाटत," मी म्हणालो, आणि पार्वताबाईला उठवायला हात दिला.